सिज्जीवीतल्या जुन्या घराविषयी

सप्रेम नमस्कार,

माल्टात नोकरी पक्की झाल्यावर स्लीमासारख्या गजबजलेल्या किनारी भागात लहान फ्लॅट घ्यावा की सिज्जीवीसारख्या जुन्या गावात घर भाड्याने घ्यावे, असे आपण विचारले आहे. सिज्जीवीत मी सात वर्षे राहते आहे. गावातच घर घ्यावे असे माझे स्पष्ट मत आहे, मात्र तिथल्या घराचा दगड आणि गावाचा उत्सव या दोन गोष्टी आधी नीट समजून घ्याव्यात.

इथली जुनी घरे ‘फ्रांका’ नावाच्या मऊ, मधाच्या रंगाच्या चुनखडीची आहेत. हा दगड खाणीत करवतीने कापता येतो आणि हवा लागली की त्याचा वरचा थर टणक होत जातो. मी कोकणातली असल्यामुळे मला जांभ्याची चिरेखाण आठवते. जाड भिंतींमुळे जुलैच्या दुपारीही घरात तग धरता येतो, पण हाच दगड पाणी शोषून घेतो आणि इथला पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. पहिल्या वर्षी मी लग्नातली पैठणी बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटात ठेवली होती. फेब्रुवारीत घडी उलगडली तेव्हा काठाच्या जरीलगत बुरशीचे काळे ठिपके ओळीने उमटलेले होते आणि ते आजही गेलेले नाहीत. म्हणून घर शक्यतो हिवाळ्यात पाहावे आणि भिंतीच्या खालच्या भागावरून हात फिरवावा. बोटांना पांढरी, खारट भुकटी लागली तर ओल खालून वर चढते आहे असे समजावे. कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. भाडेकरार नोंदवलेला असल्याची खात्री मात्र कोणत्याही घराच्या बाबतीत करून घ्यावी, कारण २०२० पासून ती नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे.

अनेक जुन्या घरांच्या अंगणात ‘बीर’ असते, म्हणजे खडकात खोदलेली पाण्याची टाकी. या बेटावर बारमाही नदी नाही, त्यामुळे गच्चीवरचे पावसाचे पाणी तिच्यात साठवण्याची रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली. आता नळाच्या पाण्यातला मोठा भाग समुद्राचे पाणी गोडे करून मिळवलेला असतो, आणि माझ्या घरची बीर झाडांपुरती उरली आहे.

गावाचे मन मात्र चर्चमध्ये आहे. सेंट निकोलसचे हे चर्च लोरेन्झो गाफा या माल्टी वास्तुकाराने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रचले. माल्टाची जुनी राजधानी म्दीना, तिथले कॅथेड्रलही त्याचेच. तेव्हा माल्टावर सेंट जॉनच्या सरदारांच्या संघाचे राज्य होते. त्याचे प्रमुख, म्हणजे ग्रँड मास्टर, फर्डिनांड होम्पेश यांनी १७९७ साली गावाला ‘चित्ता फर्डिनांड’, म्हणजे फर्डिनांडचे शहर, हा किताब दिला, तो इथले वृद्ध आजही अभिमानाने सांगतात. जूनच्या शेवटच्या रविवारी संताची ‘फेस्टा’, म्हणजे गावाचा उत्सव, असते. आधीचा आठवडाभर रस्त्यांवर रेशमी पताका आणि दिव्यांच्या माळा लागतात, बँड फिरतात, आणि सकाळपासून दारूकामाचे असे बार उडतात की खिडक्यांच्या काचा हादरतात. शेवटच्या दिवशी मूर्ती खांद्यांवरून मिरवत नेतात. शिमग्यात पालखी दारी येताना पाहिलेल्या माणसाला त्या खांद्यांवरचे ओझे आणि त्या चेहऱ्यांवरचा भाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. घरात तान्हे मूल किंवा आजारी माणूस असल्यास त्या आठवड्याची सोय आधी करावी, पण आवाजाची तक्रार करू नये. माल्टाच्या गावोगावच्या फेस्टांना २०२३ साली युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजाऱ्यांनी त्यासाठी वर्षभर वर्गणी जमवलेली असते आणि रात्री जागवलेल्या असतात.

इंग्रजीवर कामकाज निभावते, तरीही थोडी माल्टी अवश्य शिकावी. ती अरबी कुळातली आणि रोमन लिपीत लिहिली जाणारी भाषा आहे, आणि तिच्यातली ‘दिन्या’ व ‘क्तीब’ ही आपली दुनिया आणि किताब आहेत. मी ‘बोंजू’, म्हणजे सुप्रभात, म्हणू लागले तेव्हाच समोरच्या आजींनी मला पहिल्यांदा हाक मारली. पावाची गाडी आली की त्या सज्जातून दोरीने टोपली खाली सोडतात, पाववाला पैसे उचलून पाव ठेवतो आणि टोपली वर जाते. त्या पावावर टोमॅटो चोळून, ऑलिव्ह तेल आणि केपर, म्हणजे खारवलेल्या कळ्या, घालून खाणे हा इथला रोजचा नाश्ता आहे. आपण शाकाहारी असल्याचे लिहिले आहे, तर त्याबरोबर बाकल्याची वाटलेली ‘बिजिल्ला’ मागावी.

रुजू होण्याआधी हिवाळ्यात येणे जमले तर कळवावे. भिंती तपासायला मी सोबत येईन.