टेनिस एल्बोसाठी स्पर्धेआधी स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यावं का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. वय ४२, कोथरूडला राहता, नियमित बॅडमिंटन खेळता. चार महिन्यांपासून उजव्या कोपराची बाहेरची बाजू दुखतेय, बॅकहँड मारताना आणि चहाचं पातेलं उचलतानाही कळ येते. ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी टेनिस एल्बो असल्याचं सांगून स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा पर्याय दिलाय. क्लबची स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय. घरचे म्हणतात, स्टेरॉइड अजिबात नको, हाडं ठिसूळ होतात, किडनी जाते. डबल्सचा पार्टनर म्हणतो, घेऊन टाक, माझा खांदा एका इंजेक्शनात मोकळा झाला.

मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे. इंजेक्शन देणं माझं काम नाही, ते डॉक्टरांचं. पण घेतल्यानंतर पुढचे महिने माणूस आमच्याकडे असतो, त्यामुळे नंतर काय होतं ते जवळून दिसतं. माझं मत सरळ सांगते: स्पर्धा गाठायची म्हणून टेनिस एल्बोवर हे इंजेक्शन घेऊ नका. घरच्यांची भीती मात्र बरीचशी चुकीच्या कारणांवर उभी आहे आणि पार्टनर खोटं बोलत नाहीये. दोन्ही नीट समजून घ्या.

स्टेरॉइड म्हटलं की लोकांना जिममधली दंड फुगवणारी औषधं आठवतात. ती ॲनाबॉलिक स्टेरॉइडं, पुरुषी हार्मोनच्या जातीची. सांध्यात देतात ते कॉर्टिकोस्टेरॉइड. आपल्याच मूत्रपिंडांवर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रोज कॉर्टिसॉल बनवतात, हे औषध त्याच्या कुळातलं. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिसोन दिलं आणि ती काही दिवसांत चालायला लागली. दोनच वर्षांत, १९५० मध्ये, या कामाला नोबेल मिळालं. गोळ्यांच्या रूपात महिनोन् महिने घेतलं तर हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं, चेहरा सुजणं हे सगळं खरं आहे. एका जागी एकदा दिलेल्या ४० मिलिग्रॅमने हाडं ठिसूळ होत नाहीत आणि किडनीही जात नाही. किडनीची एवढी काळजी असेल तर घरात रोज कोण डायक्लोफेनॅकची गोळी घेतंय ते आधी बघा. इंजेक्शनला घाबरून वेदनाशामक गोळ्या चण्या-फुटाण्यासारख्या खाणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात आणि त्यांची मला खरंच जास्त धास्ती वाटते.

आता सुईतून नेमकं काय जातं ते. बहुतेक वेळा ट्रायमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे दुधाळ दिसणारं, हळूहळू विरघळणारं औषध, आणि त्यात मिसळलेलं लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध. टेबलावरून उतरताना 'अरे, दुखणंच गेलं!' असं वाटतं ते लिग्नोकेनमुळे. दोन-चार तासांत त्याचा असर उतरतो आणि दुखणं परत येतं. काहींना तर पहिले एक-दोन दिवस आधीपेक्षा जास्त ठणकतं. स्टेरॉइडचा खरा परिणाम दोन-तीन दिवसांनी सुरू होतो. सूज आणि दाह निर्माण करणारी रसायनंच ते बनू देत नाही. म्हणजे जिथे दाह हेच दुखण्याचं मूळ आहे तिथे ते छान काम करतं, आणि जिथे मूळ वेगळं आहे तिथे नुसतं दुखणं झाकतं.

तुमच्या पार्टनरचा खांदा बहुधा पहिल्या प्रकारातला. फ्रोझन शोल्डरच्या सुरुवातीच्या महिन्यांत, रात्री कुशीवर झोपता येत नाही, मागच्या खिशातलं पाकीट काढता येत नाही अशा अवस्थेत, सांध्याचं आवरण दाहाने लाल झालेलं असतं. तेव्हा दिलेलं इंजेक्शन आणि लगेच सुरू केलेले व्यायाम ही जोडी फार चांगली चालते. खांद्याच्या टोकाखालची बर्सा, म्हणजे घर्षण कमी करणारी द्रवाची छोटी पिशवी, सुजली असेल तरी काही आठवडे उत्तम आराम मिळतो.

कोपराचं तसं नाही. २००४ मध्ये सचिन ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोटींना मुकला तेव्हा आपल्याकडे घराघरांत टेनिस एल्बो हे नाव पोचलं, पण ते नक्की कसलं दुखणं आहे हे फारसं पोचलं नाही. मनगट मागे उचलणारा एक स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला ज्या टेंडनने जोडलेला असतो, तो टेंडन झिजतो. त्यातले कोलॅजनचे धागे विस्कटतात, नीट सांधले जात नाहीत. तीन-चार महिने जुन्या दुखण्यात दाह अगदी थोडा सापडतो. शिवाय स्टेरॉइडमुळे टेंडनच्या पेशी नवीन कोलॅजन कमी बनवतात. म्हणजे ज्या गोष्टीची तिथे गरज आहे तीच मंदावते.

हे माझं नुसतं अनुभवाचं बोलणं नाही. २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये टेनिस एल्बोच्या १८५ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटाला इंजेक्शन, दुसऱ्याला फिजिओथेरपी, तिसऱ्याला फक्त सल्ला आणि वाट पाहणं. सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९२ टक्के बरे, फिजिओथेरपीवाले ४७ आणि वाट पाहणारे ३२. इथेच थांबलं तर तुमचा पार्टनर जिंकला. पण वर्षाने पुन्हा तपासलं तेव्हा इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर घसरले होते, फिजिओथेरपीवाले ९१ वर आणि काहीच न करणारे ८३ वर होते. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात स्टेरॉइडची तुलना खोट्या इंजेक्शनशी केली. वर्षभरात दुखणं उलटण्याचं प्रमाण स्टेरॉइडवाल्यांत ५४ टक्के, खोटं इंजेक्शन घेतलेल्यांत १२. मला यातला सगळ्यात बोलका आकडा तो ८३ वाटतो. नुसतं सांभाळून राहिलेली माणसंसुद्धा वर्षाअखेर पुढे निघून गेली.

तुमच्या बाबतीत धोका आणखी वाढतो, कारण स्पर्धा नेमकी त्या फसव्या सहा आठवड्यांच्या आत आहे. दुखणार नाही, म्हणून तुम्ही पूर्ण ताकदीने स्मॅश आणि बॅकहँड क्लिअर माराल, आणि तेही टेंडन सगळ्यात नाजूक असताना. इंजेक्शननंतर निदान दोन आठवडे त्या हाताने जोराचं काही करू नये असं डॉक्टर सांगतात. मग तीन आठवड्यांतले सरावाला उरतात किती दिवस?

त्याऐवजी काय करता येईल ते सांगते. टेबलाशी बसा, उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकवा, तळहात खाली, पंजा कडेच्या बाहेर. हातात अर्धा लिटरची पाण्याची बाटली. डाव्या हाताने उजवा पंजा वर उचलून द्या आणि मग डावा हात सोडून, मनात चार आकडे मोजत, पंजा सावकाश खाली न्या. वर नेताना उजव्या हाताने जोर लावायचा नाही, फक्त खाली सोडताना भार घ्यायचा. पंधरा वेळा, असे तीन फेरे, दिवसाआड. करताना थोडं दुखलं तर चालेल, दहापैकी तीन-चारपर्यंत, मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं वाढलेलं नको. वाढलं तर वजन कमी करा. हेही झेपत नसेल तर पंजा सरळ धरून नुसतं अर्धा-पाऊण मिनिट थांबा, तिथून सुरुवात करा. दर आठवड्याला वजन थोडं वाढवत न्यायचं. टेंडनला भार हवाच असतो, फक्त तो मोजून द्यावा लागतो. नुसता आराम करणाऱ्यांचं दुखणं पहिल्या गेमला परत येतं ते यामुळेच. आणि याला सहा ते बारा आठवडे लागतात. तीन आठवड्यांत होईल असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

रॅकेटकडेही बघा. तार फार घट्ट ओढून घेतली असेल तर दोन-तीन पाउंड उतरवा. ग्रिप जुनी होऊन गुळगुळीत झाली की माणूस नकळत मूठ आवळतो, ती बदला. दोन फटक्यांच्या मध्ये मूठ सैल सोडायची सवय लावा. आणि एक गोष्ट जी पुण्यात कुणालाच सुचत नाही: स्कूटर. कर्वे रोडच्या गर्दीत उजवं मनगट मागे वळवून ॲक्सिलरेटर धरायचा, दर दहा सेकंदांनी ब्रेक आवळायचा, म्हणजे तोच टेंडन रोज तास-दीड तास राबतो. माझ्याकडे येणाऱ्यांत संध्याकाळचा कोर्ट बंद करूनही बरं न वाटणारे असतात, आणि विचारलं की निघतं ऑफिस हिंजवडीला आणि रोज टू-व्हीलर. काही आठवडे मेट्रो, बस, कुणाची गाडी, जे जमेल ते बघा. पातेलं आणि भाजीची पिशवी तळहात वर करून उचला, लगेच फरक कळेल.

हातात मुंग्या येत असतील, मानेपासून कळ उतरत असेल तर मात्र मानेची तपासणी आधी करून घ्या, कारण तिथली दबलेली नसही कोपरात दुखवते.

हे सगळं वाचून इंजेक्शनला सरसकट नाही म्हणू नका. गणपतीच्या आधी ढोल-ताशा पथकांचे सराव सुरू झाले की अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर सूज घेऊन मुलं-मुली येतात. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे वाकवलं की किंचाळतात. ते डी कर्व्हेनचं दुखणं. तिथे टेंडनभोवतीच्या म्यानात एक इंजेक्शन आणि अंगठ्याला काही आठवडे आधार, यावर बरेच जण पूर्ण बरे होतात, ऑपरेशन टळतं. ट्रिगर फिंगरमध्येही, म्हणजे बोट वाकलेलं अडकतं आणि खटकन सरळ होतं त्या दुखण्यातही, तसंच. फक्त मनगटावर कातडी पातळ असते, त्यामुळे त्या जागी पांढरट डाग पडू शकतो किंवा खळगा येऊ शकतो. आपल्या सावळ्या कातडीवर तो डाग ठळक दिसतो आणि जायला महिने लागतात. हे आधी सांगितलेलं बरं.

उलट टोकाला टाचेमागचा अकिलीस आणि गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन. शरीराचं सगळं वजन पेलणारे हे टेंडन इंजेक्शननंतर तुटू शकतात, म्हणून कुणी तिथे सुई घालायला निघालं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. दर रविवारी सिंहगड उतरणाऱ्यांचे गुडघे हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे. गुडघ्यात पाणी भरून तो टरारला असेल तर एखादं इंजेक्शन काही आठवड्यांचा दिलासा देतं. पण २०१७ च्या एका अमेरिकन अभ्यासात झिजलेल्या गुडघ्यांना दर तीन महिन्यांनी, दोन वर्षं इंजेक्शन दिलं, तर वेदनेत खाऱ्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा फरक पडला नाही आणि कूर्चा मात्र जास्त झिजली. दर मोसमाला एक टोचून घेऊन गड चढणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

तुमची स्पर्धा क्लबची आहे, पण हे वाचणाऱ्यांत राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवर खेळणारे असतील, बालेवाडीत सराव करणारी मुलं असतील, त्यांच्या आई-बाबांसाठी: १ जानेवारी २०२२ पासून स्पर्धेच्या काळात कुठल्याही मार्गाने दिलेलं कॉर्टिकोस्टेरॉइडचं इंजेक्शन डोपिंगच्या यादीत आहे. ट्रायमसिनोलोन सांध्यात दिलं असेल तर त्याचा अंश शरीरातून जायला १० दिवस धरतात, स्नायूत दिलं असेल तर ६०. डॉक्टरांकडून औषधाचं नाव, मात्रा, जागा आणि तारीख लिहून घ्या आणि कोचला दाखवा.

तीन महिने मन लावून व्यायाम करूनही कोपराचं दुखणं हललंच नाही आणि तुम्ही, डॉक्टरांशी बोलून, इंजेक्शन घ्यायचं ठरवलंत, तर ते स्पर्धेपासून लांब, निवांत काळात घ्या. सोनोग्राफीखाली देणार का ते विचारा. एकाने गुण आला नाही तर दुसरं, तिसरं घेत बसू नका. मधुमेह असेल तर आधी सांगा. नंतरचे चार-पाच दिवस, कधी आठवडाभर, साखर चांगलीच वर जाते, ती घरी मोजत राहा आणि गोळ्या-इन्सुलिनचं काय करायचं ते फिजिशियनना विचारून ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तेही सांगा. अंगात ताप असेल किंवा त्या जागी कातडीवर फोड, गळू असेल तर त्या दिवशी इंजेक्शन नको. पहिल्या दोन दिवसांत ठणकलं तर बर्फाने शेका, बहुतेक वेळा तेवढ्याने जातं. पण दुखणं दिवसेंदिवस वाढत गेलं, जागा गरम आणि लाल झाली, ताप आला, तर जंतुसंसर्ग असू शकतो. तो क्वचितच होतो, पण झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं, सोमवारची वाट बघायची नाही.