‘मला लाडू’चं ‘मलाडू’ का झालं?

प्रश्न: मंडळाच्या स्मरणिकेचं टायपिंग मी लिब्रेऑफिसमध्ये करते. कॉपी-पेस्ट करताना ‘आणि आणि’, ‘आहे आहे’ असे शब्द डबल पडले होते. एकाने सांगितलं म्हणून रेग्युलर एक्सप्रेशन (म्हणजे ठरावीक शब्दाऐवजी नमुना देऊन शोधणं) चालू करून फाइंडमध्ये ([^ ]+) \1 आणि रिप्लेसमध्ये $1 टाकून रिप्लेस ऑल केलं. डबल शब्द गेले, पण ‘मला लाडू’चं ‘मलाडू’ झालं आणि ‘त्याने नेलं’चं ‘त्यानेलं’! असं का?

उत्तर: ताई, आधी कंट्रोल झेड करा, फाइल बंद केली असेल तर आधीची जुनी कॉपी उघडा, कारण हे हाताने दुरुस्त करायला बसलात तर काही ना काही सुटणारच.

आता कारण. [^ ]+ म्हणजे स्पेस सोडून काहीही, एक किंवा जास्त अक्षरं. ते कंसात आहे म्हणून जे सापडेल ते लक्षात ठेवलं जातं आणि \1 म्हणजे तेच, जसंच्या तसं, पुन्हा आलं पाहिजे. हाच बॅकरेफरन्स. रिप्लेसमध्ये तेच $1 असं लिहितात. पण यात ‘अख्खा शब्द’ असं आपण कुठेच सांगितलेलं नाही, त्यामुळे ‘मला’चा शेवटचा ‘ला’, मधली स्पेस आणि ‘लाडू’चा पहिला ‘ला’ एवढं जुळलं की झालं, दोनातला एक ‘ला’ उडाला.

म्हणून शब्दाच्या दोन्ही बाजू बांधून घ्या: आधी परिच्छेदाची सुरुवात (^) किंवा स्पेस, नंतर स्पेस, विरामचिन्ह किंवा परिच्छेदाचा शेवट ($). फाइंडमध्ये (^| )([^ ]+) \2(?=[ ,.?!]|$) आणि रिप्लेसमध्ये $1$2. इथे \1 चं \2 झालं कारण नंबर उघडत्या कंसाच्या क्रमाने मिळतो आणि सुरुवातीला आपण आणखी एक कंस टाकलाय, (?= वाल्या कंसाला मात्र नंबर नाही, तो फक्त पुढे काय आहे ते डोकावून बघतो. शब्दाच्या कडेसाठी बॅकस्लॅश-बी (\b) वापरा असंही कुणी सांगेल, पण पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या नेहमीच्या मॉड्यूलमध्ये काना-वेलांटी अक्षरात धरतच नाहीत, तिथे ‘मला’ मधेच तुटतो.

आणि कळकळीने सांगते, एवढं करूनही रिप्लेस ऑल नको. आपल्या मराठीत शब्द मुद्दाम दोनदा येतात, ‘बोलता बोलता संध्याकाळ झाली’ यातला एक ‘बोलता’ काढला तर वाक्यच मेलं! कधी कधी, पुन्हा पुन्हा, जे जे, ते ते, किती सांगू. नेहमीचे शब्द वगळायला दुसऱ्या कंसाच्या आधी (?!कधी |पुन्हा |हळू ) टाका, आतल्या स्पेस विसरू नका, आणि बाकीचे फाइंड नेक्स्ट करत एकेक डोळ्याखालून घाला, स्मरणिकेला तासभर जाईल पण लेखकाचं वाक्य शाबूत राहील.

गूगल शीट्समध्ये मात्र याचे फॉर्म्युले चालणार नाहीत, तिथलं नमुने शोधणारं आरई२ (RE2) इंजिन बॅकरेफरन्स मुळात देतच नाही. आणि एखादा शब्द तीनदा पडला असेल तर हीच फेरी दोनदा मारा.