शुक्राणूंवर पहिलाच प्रकल्प? आधी एवढंच सांभाळ

विषय छान निवडलायस. सगळ्यात आधी उंदराच्या (माउस, रॅट नव्हे) शरीराचं वेळापत्रक डोक्यात पक्कं बसव. मूळ पेशीपासून वृषणात शुक्राणू घडायला उंदरात साधारण ३५ दिवस लागतात, आणि मग अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व होतात त्या नळीतून) पुढे सरकायला आणखी काही दिवस. म्हणून आज औषध देऊन आठवड्याने शुक्राणू मोजलेस आणि संख्या तेवढीच दिसली, तर 'परिणाम नाही' असं लिहू नकोस. ते शुक्राणू औषधाआधीच बहुतांशी घडून झालेले होते! नवीन मुलं सगळ्यात जास्त इथेच फसतात, त्यामुळे नमुना कोणत्या दिवशी घ्यायचा हे मार्गदर्शकांबरोबर आधी ठरव.

बाकी सुरुवातीच्या चुका अशा:

- थंड काचपट्टी. शुक्राणू लगेच मंदावतात. काचपट्टी, माध्यम (शुक्राणू ज्यात ठेवतोस ते द्रावण), पिपेटची टोकं, सगळं ३७ अंशांवर ठेव.
- नमुना न हलवता मोजणं. हळुवार मिसळ, जोरात नाही. न्यूबॉअर कक्षाच्या (पेशी मोजायच्या, चौकटी आखलेल्या काचेच्या) दोन्ही बाजू मोज. आकडे फार वेगळे आले तर पुन्हा भर.
- वृषणाचे तुकडे सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकणं. शुक्राणू घडतात त्या नलिकांची रचना पाहायची असेल तर बुआं द्रावण (ऊतक टिकवणारं, पिक्रिक आम्ल असलेलं) वापर.
- कोणता गट कोणता हे माहीत असताना मोजणं. लेबलं दुसऱ्याकडून झाकून घे.

प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी हातात येईपर्यंत उंदराला हात लावायचा नाही. तोवर जुन्या, रंगवलेल्या काचपट्ट्या मागून घे आणि गोल व लांबट शुक्रपेशी (स्पर्मॅटिड, म्हणजे शुक्राणू बनण्याआधीच्या टप्प्यातल्या पेशी) ओळखायचा सराव कर. जनुकं, फ्लो सायटोमेट्री (यंत्राने एकेक पेशी तपासणं) वगैरे पुढच्या सत्रात पाहू.