आरएनएमधली ‘सुधारणा’ की आरएनएवरचा ‘फेरबदल’?

प्रश्न असा आहे: चयापचयाच्या विकारांवर मराठीत लिहिताना ‘आरएनए मॉडिफिकेशन’ला, म्हणजे आरएनए या डीएनएच्या प्रतीसारख्या रेणूच्या अक्षरांवर पेशी करते त्या रासायनिक बदलाला, काय म्हणावं? ‘सुधारणा’ चालेल, की ‘उत्परिवर्तन’?

दोन्ही नकोत. ‘सुधारणा’ म्हटलं की काहीतरी बरं झालं असं आपण धरून चालतो. मग ‘आरएनएमधील सुधारणेमुळे मधुमेह’ हे वाक्य वाचणाऱ्याला कोड्यात टाकतं. ‘उत्परिवर्तन’ हा शब्द म्युटेशनसाठी, म्हणजे डीएनएतल्या अक्षरक्रमाच्या बदलासाठी, रुळला आहे. इथे आरएनएचं अक्षर (ए, जी, सी किंवा यू) बहुधा तेच राहतं, त्यावर एखादा रासायनिक गट चढतो. ‘वश’ आणि ‘वंश’ यांत एका टिंबाचाच फरक ना, तसं.

म्हणून मी ‘आरएनएवरील रासायनिक फेरबदल’ असं लिहितो. ‘मधील’ नव्हे, ‘वरील’. तेवढ्यानं अर्धा घोटाळा मिटतो. ‘फेरफार’ला कुणीतरी मुद्दाम केल्याचा वास येतो, आणि हे तर पेशीचं रोजचं काम. ‘खूण’ मला फार आवडतो, मेथिल गटाला तो चपखल बसतो. पण स्यूडोयुरिडीन नावाच्या फेरबदलात वरून काहीच चिकटत नाही, तोच बेस (अक्षराचा मुख्य भाग) फिरून आरएनएच्या कण्यातल्या साखरेला वेगळ्या जागी जोडला जातो. तिथे ‘खूण’ तोकडा पडतो.

दोन शब्द वेगळे ठेवणं किती गरजेचं आहे ते एका आजारात स्वच्छ दिसतं. मायटोकाँड्रियाच्या (पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांच्या) डीएनएत ३२४३व्या जागी ‘ए’चा ‘जी’ होतो: हे उत्परिवर्तन. त्यामुळे ल्युसीन हे अमिनो आम्ल वाहणाऱ्या एका टीआरएनएवर (प्रथिन घडताना अमिनो आम्ल आणून देणाऱ्या छोट्या आरएनएवर) टॉरिनचा गट नीट बसत नाही: हा राहून गेलेला फेरबदल. आईकडून येणारा, बहिरेपणासोबतचा मधुमेह याच उत्परिवर्तनाशी जोडलेला आहे. दोन्हींना एकच शब्द वापरला तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे वाचकाला कळणारच नाही.

टिंबाची उपमा सर्वांत जवळून पटते ती सीडीकेएएल१ या जनुकाच्या बाबतीत. त्याचं एन्झाइम लायसिनच्या टीआरएनएवर गंधक असलेला गट चढवतं. उंदरांच्या बीटा पेशींत (स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत) हे जनुक बंद केल्यावर प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनचं आधीचं रूप, घडताना लायसिनचा कोडॉन (तीन अक्षरांचा संकेत) चुकीचा वाचला गेला आणि इन्सुलिन कमी स्रवलं. या जनुकाचे काही प्रकार माणसांत टाइप २ मधुमेहाचा धोका वाढवतात.

एक अपवाद मात्र सांभाळावा. आतड्यात अपोबी या चरबी वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या आरएनएतल्या एका ‘सी’चा ‘यू’ होतो आणि प्रथिन निम्म्यावरच थांबतं. यकृतात ते पूर्ण बनतं. इथे अक्षरच बदललं, म्हणून ‘संपादन’ लिहावं, आणि ‘वरील’ सोडून ‘मधील’.