प्रार्थना तुझी नसली तरी आवाज तुझा असू दे

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र परवा मिळालं. दोनदा वाचलं. आजीचं दुखणं, घरातली धुसफूस, मोठ्या काकांचा ‘वाईट बोलू नका, देव बघतोय’ हा धोशा, आत्याचे परदेशातून येणारे फोन, सगळं सविस्तर लिहिलंयस. आणि अगदी शेवटी, घाईघाईत, दोन ओळी: आजी रोज संध्याकाळी तुला शेजारी बसवून प्रार्थना म्हणायला लावते आणि तुझा तर त्यातल्या एकाही शब्दावर विश्वास उरलेला नाही. ‘हे ढोंग नाही का?’ असं विचारलंस. पत्र त्या दोन ओळींसाठीच लिहिलंस, असा माझा अंदाज आहे.

तर आधी त्याचंच. खुशाल म्हण. तिचा श्वास आता ओळीच्या शेवटापर्यंत पुरत नाही, म्हणून ती तुझा आवाज मागतेय. डोळे अधू झालेल्या माणसाला आलेलं पत्र आपण वाचून दाखवतो, तेव्हा त्यातला मजकूर आपला आहे असं कुणी समजत नाही. हो, तिनं सरळच विचारलं, ‘तुझा विश्वास आहे ना?’, तर मात्र खोटं बोलू नकोस. ‘अजून नाही कळलं गं, पण तुझ्यासोबत म्हणायला बरं वाटतं’ एवढं पुरे. त्यातला दुसरा अर्धा भाग खरा असेल तरच, अर्थात.

एकतीस वर्षं नर्स म्हणून काढली, त्यातली शेवटची बारा अशाच रुग्णांच्या वॉर्डात, जिथून बरं होऊन घरी जाणारे थोडे. आयुष्यभर देवाचं नाव घेतलेली माणसं शेवटी भेदरलेली पाहिली आणि कधी हातही न जोडलेली माणसं शांतपणे गेलेली पाहिली. याच्या उलटही तितकंच पाहिलं. हे सांगितलं की श्रद्धाळूही नाराज होतात आणि नास्तिकही, त्यामुळे हल्ली मी फारसं सांगत नाही. तुला सांगते, कारण तुमच्या घरात श्रद्धा कुणाची खरी यावर खल चाललाय, आणि जिच्या उशाशी तो चाललाय तिला कुणी काही विचारलेलं दिसत नाही.

माझीच एक गोष्ट सांगते, फारशी अभिमानाची नाही. माझे वडील जाण्याच्या साधारण दोन आठवडे आधी, रात्री मी त्यांची उशी नीट करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, ‘आता निघायची वेळ झाली का गं?’ वॉर्डात हा प्रश्न मी शेकडो वेळा ऐकलेला. त्यावर ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारून शेजारी बसायचं असतं, हे मी नव्या मुलींना शिकवत असे. आणि मी काय म्हणाले? ‘काहीतरीच काय, मंगळवारी घरी जायचंय आपल्याला.’ त्यांनी मनगट सोडलं. ‘बरं,’ म्हणाले. पुन्हा तो विषय काढलाच नाही. ते नेमानं प्रार्थना करणारे होते, त्यांना कुणाशी काही बोलायचं असेल, कुणाची माफी मागायची असेल, कदाचित देवावरचा रागही असेल. मला कधीच कळणार नाही. म्हणून सांगते, आजीनं असं काही विचारलं तर हातातलं काम ठेव आणि खाली बस. उत्तर यायलाच हवं असं नाही.

काकांशी वाद घालू नकोस. ‘देव बघतोय’ असं म्हणणाऱ्या माणसाच्या पोटात गोळा आलेला असतो. पण एक गोष्ट त्यांच्या कानावर जरूर घाल, आणि ती एकांतात. ‘आम्ही सगळे प्रार्थना करतोय, तुला बरं व्हायलाच हवं’ असं ते आजीला रोज म्हणतात ना, त्याचं ओझं होतं. २००६ साली अमेरिकेत बायपास झालेल्या १,८०२ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. आपल्यासाठी प्रार्थना होणार की नाही हे ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांच्यात प्रार्थनेनं काहीच फरक पडला नाही. आणि प्रार्थना होतेय हे ज्यांना पक्कं सांगितलं होतं, त्यांच्यात गुंतागुंत थोडी जास्तच, ५९ टक्क्यांना. एकट्या अभ्यासावरून देवाचा निकाल लावायला मी निघालेली नाही. पण वॉर्डात मी त्याचंच दुसरं रूप पाहिलंय: सगळ्यांनी एवढं मागितलंय, आता आपण गेलो तर ह्यांची श्रद्धा खोटी पडेल, अशा विचारानं अवघडलेली म्हातारी माणसं. मरायचीसुद्धा चोरी. काकांना म्हणावं, मागायचं ते देवाकडे मागा, आजीकडे मागू नका.

व्हेंटिलेटरचंही तसंच. ‘आपण थांबलो तर श्रद्धा कमी पडली असं होईल’ हे त्यांचं वाक्य तू लिहिलंयस. ही भावना जगभर दिसते. २००९ मध्ये पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगाच्या ३४५ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. आजारपणात धर्माचा ज्यांना जास्त आधार होता, त्यांच्यापैकी ११.३ टक्क्यांना शेवटच्या आठवड्यात व्हेंटिलेटर लागला होता. आधार कमी असलेल्यांत हे प्रमाण ३.६ टक्के. देवावर जास्त भरवसा असलेली माणसं यंत्रावर जास्त गेली, याचं मला अजून नवल वाटतं. आमच्या वॉर्डातली एक म्हातारी यावर फटकन बोलून गेली होती: ‘त्याला ठेवायचं असेल तर नळीवाचूनही ठेवेल की.’ तिच्या मुलाला दोन दिवस जे समजावता येत नव्हतं ते या एका वाक्यानं समजलं. तुझ्या आजीचं मत काय आहे? ती शुद्धीवर आहे, बोलतेय, तोवर तिलाच विचारा आणि डॉक्टरांसमोर विचारा, म्हणजे नंतर ‘ती असं म्हणालीच नव्हती’ हा वाद उरत नाही.

आता भोगाचं. आजी दुखण्याचं औषध नाकारते, ‘भोग आहेत, भोगून संपवू दे’ म्हणते, हे वाचून मला सर्वांत जास्त वाईट वाटलं. तिच्याशी तर्क लढवू नकोस, तिच्या श्रद्धेच्या आतूनच बोल. दुखणं कमी झालं की प्रार्थनेत मन लागतं, असं सांगून बघ. ते खरंही आहे, कारण तीव्र वेदनेत माणसाला वेदनेपलीकडे काही सुचत नाही. सिसिली सॉन्डर्स या बाई आधी नर्स होत्या, पुढे डॉक्टर झाल्या, आणि अतिशय श्रद्धाळू ख्रिस्ती होत्या. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला मरणासन्न रुग्णांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. वेदना परत येण्याची वाट न बघता घड्याळ लावून मॉर्फिन द्यायचं, ही पद्धत त्यांनी रुळवली. शरीर, मन, नातीगोती आणि श्रद्धा या सगळ्यांचं दुखणं एकात एक गुंतलेलं असतं, हेही त्यांनीच ठासून सांगितलं. मॉर्फिन दिलं की माणूस लवकर जातो, ही भीती काकूंनी बोलून दाखवली असेलच. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्याच्या मानानं दिलेल्या मात्रेनं तसं होत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, त्याचं औषध सोबतच मागून घ्या.

पुढे काय दिसेल ते सांगून ठेवते, म्हणजे त्या वेळी घाबरायला होणार नाही. आधी खाणं सुटेल. घरातलं सर्वांत मोठं भांडण इथेच होतं. कुणीतरी चमचा ओठांशी धरून बसतं, आजी तोंड फिरवते, चमचा पाठोपाठ जातो. शरीर थांबायला लागलं की त्याला अन्न पेलत नाही, जबरदस्तीनं भरवलेला घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. ती खात नाही म्हणून जात नाहीये, ती जातेय म्हणून खात नाहीये. चमचा धरलेल्या त्या हाताला दुसरं काम दे. ओला करून नीट पिळलेला कापूस ओठांवरून, हिरड्यांवरून अलगद फिरवायचा आणि ओठांना काहीतरी स्निग्ध लावायचं. भरवण्याइतकंच ते मायेचं आहे.

मग झोप वाढेल. कधी ती आपल्या गेलेल्या आईशी बोलेल, कोपऱ्यात कुणी उभं आहे म्हणेल. काका म्हणतील संकेत, आत्या म्हणेल भ्रम. २०१४ साली बफेलोच्या एका हॉस्पिसमधल्या ५९ रुग्णांचा अभ्यास आला. त्यातल्या बहुतेकांनी अशी स्वप्नं किंवा दृश्यं सांगितली, आणि गेलेली माणसं दिसली की अनेकांना दिलासाच वाटत असे. ती घाबरली असेल, अंथरुणातून उठून धावू पाहत असेल, तर लगेच डॉक्टरांना कळवा. हसत असेल तर फक्त विचार, ‘काय म्हणतेय आई?’ त्यावर निवाडा देणं तुझं काम नाही.

शेवटी श्वास बदलेल. खोल, मग उथळ, मग एकदम काहीच नाही. खोलीतले सगळे आपला श्वास धरून बसतात, आणि मग तिचा परत सुरू होतो. जॉन चेन यांनी १८१८ मध्ये आणि विल्यम स्टोक्स यांनी १८५४ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्या दोघांचं नाव त्याला पडलं. घशात घरघर होईल. ऐकणाऱ्याला ती असह्य होते, तिला बहुधा जाणवतही नसेल. कुशीवर वळवलं की थोडी कमी होते. आणि बोलत राहा. २०२० मध्ये कॅनडात हॉस्पिसमधल्या रुग्णांच्या मेंदूची विद्युतनोंद घेतली गेली, तेव्हा शुद्ध हरपल्यावरही काहींचा मेंदू आवाजांना प्रतिसाद देत होता. अर्थ कळतो का, हे त्यातून ठरत नाही. पण तुझी संध्याकाळची प्रार्थना तेव्हा बंद करू नकोस, एवढं त्यातून मी घेतलंय.

आत्याबद्दल थोडं. दूर राहणारं लेकरू शेवटी धावत येतं आणि ‘सगळं करा, काही कमी पडू देऊ नका’ असा आग्रह धरतं, हा प्रकार इतका नेहमीचा की १९९१ मध्ये अमेरिकेतल्या वृद्धांच्या वैद्यकाच्या एका नियतकालिकात त्याला ‘कॅलिफोर्नियाची लेक’ असं नावच पडलं. आम्ही नर्सेस हसायचो, आणि मग वडिलांच्या वेळी मी स्वतः तशीच वागले, तेही त्याच गावात राहून. तिच्या रागाच्या तळाशी न केलेल्या सेवेचं दुःख आहे. फोन आजीच्या कानाशी धर आणि खोलीबाहेर जा. दहा मिनिटं. ती काय बोलली ते विचारू नकोस.

अखेरच्या क्षणी तू तिथे असशीलच असं नाही. दिवसरात्र उशाशी बसलेलं माणूस तोंड धुवायला जातं आणि तेवढ्यात होतं, हे मी किती वेळा पाहिलं त्याला गणती नाही. काहींना एकट्यानंच जायचं असतं, असं आमच्यातल्या जुन्या नर्सेस म्हणायच्या. खरंखोटं कोण जाणे, पण तोंड धुऊन परतलेल्या माणसाला मी ते दरवेळी सांगितलं.

तुझ्या स्वतःच्या विश्वासाचं काय, यावर मी काही लिहिलं नाही, कारण ते आत्ता ठरवायची घाई नाही. ती प्रार्थना मोठ्या अक्षरात एका कागदावर उतरवून उशाशी ठेव. तू नसशील तेव्हा दुसऱ्या कुणाला वाचता येईल. सावकाश म्हण. तिचे ओठ कुठल्या ओळीला हलतात बघ आणि तिथे थोडं थांब.

काही लागलं तर फोन कर, रात्री कितीही वाजता. दुपारी दोन ते चार मात्र मी झोपलेली असते, तेव्हा दोनदा वाजव.