मृत्युपत्र : हरकत, कॅव्हेट, दावा आणि ‘शाबीत’

प्रश्न असा आहे : वडील वारल्यावर धाकट्या भावाने नोंदणीकृत मृत्युपत्र पुढे केलं आणि सातबाऱ्यावर एकट्याचं नाव लावण्यासाठी अर्ज दिला. बहिणीने तलाठ्याकडे लेखी हरकत दिली. आता नातेवाईक म्हणतात, ‘ताईने मृत्युपत्राला आव्हान दिलं.’ हे म्हणणं बरोबर आहे का? आणि ‘मृत्युपत्र रद्द करून घेणं’ म्हणजे नेमकं काय?

ताईने हरकत घेतली आहे, आव्हान अजून दिलेलं नाही. बोलताना दोन्ही शब्द एकाच अर्थाने चालतात, पण प्रत्यक्षात ही दोन वेगळ्या कार्यालयांतली कामं आहेत. शब्दांची गल्लत झाली की माणूस एकाच कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत राहतो आणि दुसरीकडची मुदत संपून जाते.

‘हरकत’ हा महसूल खात्यातला शब्द. वारसाने किंवा मृत्युपत्रधारकाने अर्ज दिला की तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी) फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घेतो आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५० खाली ही प्रक्रिया चालते. हरकतीला १५ दिवस मिळतात. ती लेखीच द्यावी आणि पोच घ्यावी. चावडीत तोंडी सांगितलेल्या हरकतीचा मागमूस उरत नाही. हरकत आली की नोंद ‘तक्रारी’ होते आणि ६अ च्या नोंदवहीत जाते. इथे ‘तक्रारी’ हे विशेषण आहे : तक्रारी नोंद, तक्रारी प्रकरण. निर्णय विरुद्ध गेला तर ६० दिवसांत उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.

एवढं सगळं होऊनही मालकी ठरत नाही. फेरफार ही महसुलाच्या कामासाठी ठेवलेली नोंद आहे. तिने हक्क निर्माण होत नाही आणि जातही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. मृत्युपत्र खरं की खोटं, हे मंडळ अधिकारी ठरवत नाही. लोकांची फसगत नेमकी इथे होते. फेरफाराचं अपील, मग त्यावरचं अपील, यात वर्षं जातात, आणि दिवाणी न्यायालयात हक्काची घोषणा मागण्याची सर्वसाधारण मुदत आहे ३ वर्षं. महसुली अपील चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही.

‘दावा’ हा त्यापुढचा शब्द. दिवाणी न्यायालयात ताई जे दाखल करेल तो दावा. त्यात मागण्या साधारण अशा असतात : मृत्युपत्र आपल्यावर बंधनकारक नाही अशी घोषणा, वाटप व स्वतंत्र कब्जा, आणि जमीन विकू नये म्हणून निरंतर मनाई. दाव्याचा निकाल लागेपर्यंत तात्पुरती मनाई हवी असेल तर जो अर्ज द्यावा लागतो त्याला आपल्याकडच्या कोर्टांत सगळे ‘निशाणी ५’ म्हणतात. आणखी एक काम हमखास राहून जातं : दावा लावल्यावर लिस पेंडन्सची, म्हणजे ‘या जमिनीवर दावा चालू आहे’ अशी, नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५२ ला मुंबई प्रांताने १९३९ साली केलेल्या दुरुस्तीमुळे आपल्याकडे ही नोंदणी लागते. ती नसेल तर मधल्या काळात जमीन घेणारा त्रयस्थ खरेदीदार त्या कलमाच्या, म्हणजे दाव्याच्या निकालाच्या, कचाट्यातून निसटू शकतो.

‘कॅव्हेट’ तिसरा शब्द, आणि तो दोन अर्थांनी वापरला जातो. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८अ खालचं कॅव्हेट म्हणजे ‘मला ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नका’ एवढीच विनंती. ते ९० दिवस टिकतं. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २८४ खालचं कॅव्हेट मात्र प्रोबेटच्या (मृत्युपत्र खरं असल्याच्या न्यायालयीन दाखल्याच्या) अर्जाला केलेला थेट विरोध असतो. मुंबई उच्च न्यायालयात त्यासोबत कारणं देणारं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि त्यासाठी मिळतात कॅव्हेट दाखल केल्यापासून फक्त ८ दिवस. ते दाखल झालं की अर्जाचं रूपांतर दाव्यात होतं. प्रोबेट आपल्या नकळत आधीच दिलं गेलं असेल, तर कलम २६३ खाली ते मागे घेण्याची मागणी करता येते; वारसाला नोटीसच मिळाली नव्हती, हे त्यासाठी सबळ कारण ठरू शकतं. प्रोबेट न्यायालय फक्त मृत्युपत्र खरं आहे का ते पाहतं. मालमत्ता मुळात कोणाची, हा वाद तिथे चालत नाही.

आता ‘रद्द’. जिवंतपणी मृत्युपत्र रद्द करण्याचा किंवा फिरवण्याचा अधिकार एकट्या करणाऱ्याचा. तो गेल्यावर कोर्टात खरा झगडा होतो तो ‘शाबीत’ या शब्दाभोवती, आणि माझ्या मते या सगळ्या चर्चेतला सर्वांत मोलाचा शब्द तोच आहे. ‘आव्हान’ म्हटलं की वाटतं, सगळं सिद्ध करण्याचा भार ताईवर. तसं नाही. मृत्युपत्राच्या आधारे जो हक्क सांगतो त्याने ते शाबीत करायचं, आणि त्याभोवती संशयास्पद परिस्थिती असेल तर तिचं निरसनही त्यानेच करायचं. वेंकटाचल अय्यंगार विरुद्ध तिम्मजम्मा (एआयआर १९५९) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून हा नियम पक्का आहे. फसवणूक, दडपण किंवा जबरदस्ती झाली असं म्हणायचं असेल, तर तेवढ्यापुरता भार ताईवर येतो. म्हणून नुसत्या ‘दडपणाखाली लिहून घेतलं’ या वाक्यावर सगळी भिस्त ठेवू नये.

‘नोंदणीकृत आहे, आता काही होत नाही’ हेही खरं नाही. मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे. इतर नोंदणीकृत दस्तांना साक्षीदार तपासण्यातून काही सवलत मिळते. मृत्युपत्राला ती नाही. किमान दोन साक्षीदारांचं साक्षांकन हवं, आणि त्यांतला एक तरी हयात व हजर राहू शकत असेल तर त्याची साक्ष कोर्टात झालीच पाहिजे (भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम ६७, जुन्या कायद्यातलं कलम ६८).

दस्ताची प्रत हातात आली की शेवटची पानं नीट वाचावीत. ‘साक्षीदार’ या शीर्षकाखाली सह्या करणारे वेगळे, आणि दुय्यम निबंधकापुढे ‘आम्ही यांना ओळखतो’ असं सांगून सह्या करणारे वेगळे. ओळख देणारा माणूस आपोआप साक्षांकन करणारा साक्षीदार ठरत नाही, दस्तलेखकही नाही. साक्षीदाराने करणाऱ्याला सही किंवा अंगठा करताना पाहिलेलं असावं, किंवा ‘ही माझीच सही’ असं त्याच्या तोंडून ऐकलेलं असावं. दोघे एकाच वेळी हजर असण्याची गरज नाही. लाभार्थीच साक्षीदार असला तर? हिंदूंच्या मृत्युपत्राला उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६७ लागू नसल्यामुळे त्याला दिलेलं आपोआप बाद होत नाही, पण संशयाला जागा नक्कीच मिळते. मृत्युपत्र करणारा हयात असेपर्यंत नोंदणीकृत मृत्युपत्राची नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. नंतर मृत्यूचा दाखला दाखवून कोणीही अर्ज करू शकतं. सोबत वडिलांचे त्या तारखेच्या आसपासचे दवाखान्याचे केसपेपर आणि बँकेतल्या सह्या जमवाव्यात.

‘वडिलोपार्जित’ या शब्दानेही घोटाळा होतो. वडिलांकडून आलेलं सगळं वडिलोपार्जित, असं आपण सर्रास म्हणतो. १९५६ नंतर आजोबा मृत्युपत्राशिवाय वारले आणि त्यांची स्वतःची जमीन वारसाने वडिलांकडे आली, तर कायद्याच्या नजरेत ती सर्वसाधारणपणे वडिलांची स्वतंत्र मिळकत असते व तिचं मृत्युपत्र त्यांना करता येतं. खरी एकत्र कुटुंबाची मिळकत असेल तर ते फक्त आपल्या हिश्श्यापुरतं लिहू शकतात. तिथे ताईला मृत्युपत्र खोटं म्हणायचीही गरज नाही; वाटपाचा दावा पुरतो, आणि २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे.

गोव्यात चित्र निराळं. तिथे सक्तीच्या वारसांसाठी निम्मी मालमत्ता राखून ठेवलेली असते, म्हणून वाद बहुधा मर्यादा ओलांडली का यावर होतो. मुस्लिम कायद्यात वसीयत (मृत्युपत्र) तोंडीही चालते, पण वारसांच्या संमतीशिवाय एक-तृतीयांशापलीकडे नाही.

लिहिण्याबद्दल दोन गोष्टी. ‘मृत्यू’ एकटा दीर्घ, समासात ऱ्हस्व : मृत्युपत्र. ‘इच्छापत्र’ त्याच अर्थाने वापरतात, ते चूक नाही. आणि ताई भावाच्या हक्काला ‘आव्हान’ देईल. ‘आवाहन’ करतात ते वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीत, हरकती मागवण्यासाठी.