राइनकाठची जुनी गावं दोन दिवसांत बघायची तर क्रूझ घ्यावी की ट्रेन?

तुम्ही विचारलंय की फ्रँकफर्टहून दोन दिवस काढून राइनकाठची जुनी गावं बघायचीत, तर क्रूझ बरी की ट्रेन, आणि रात्री वेगवेगळ्या गावांत राहावं का. मी दोनदा गेलोय. पहिल्यांदा अख्खा दिवस बोटीवर काढला, किल्ल्यांमागून किल्ले गेले आणि संध्याकाळी एकाचंही नाव आठवेना. दुसऱ्यांदा राइनकाठच्या बाखराख या छोट्या गावात दोन रात्री राहिलो आणि तेव्हा कुठे हे खोरं कळायला लागलं, म्हणून माझं स्पष्ट मत, मुक्काम एकाच छोट्या गावात करा.

बिंगेन ते कोब्लेन्झ हा पट्टा जेमतेम ६५ किलोमीटरचा आहे (२००२ पासून युनेस्कोच्या यादीत), दोन्ही काठांनी रेल्वे जाते, त्यामुळे बॅगा ओढत फिरायची गरजच नाही. फक्त एक लक्षात ठेवा, एवढ्या पट्ट्यात नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरीबोट, आणि शेवटची फेरी किती वाजता आहे ते सकाळीच बघून ठेवायचं, नाहीतर समोर दिसणाऱ्या गावात पोचायला फार मोठा वळसा पडतो.

बाखराख का, तर दिवसा आलेली गर्दी संध्याकाळच्या बोटीने निघून जाते आणि मग गावच्या तटबंदीवरून निवांत चालता येतं, एका बाजूला लाकडी चौकटींची घरं, दुसऱ्या बाजूला नदी. चौकातलं आल्टेस हाउस हे लाकडी चौकटीचं घर कित्येक शतकं जुनं आहे. एवढंसं गाव इतकं श्रीमंत कशाने झालं हा प्रश्न मला पडला होता. बिंगेनजवळ नदीत खडकांची रांग होती, मोठी जहाजं तिथून जाऊ शकत नव्हती, मग वाइनची पिंपं छोट्या होड्यांतून खाली आणून बाखराखला मोठ्या जहाजांवर चढवायचे. पुढे लढायांनी गाव खचलं, व्यापार गेला, आणि पैसा नसल्यामुळे जुनं पाडून नवीन बांधलं गेलं नाही. गावाच्या वरच वेर्नर चॅपलचे तांबड्या दगडाचे अवशेष आहेत, फोटोत फार सुंदर येतात, पण १२८७ मध्ये एका मुलाच्या मृत्यूचा खोटा आळ ज्यूंवर घेऊन इथल्या गावागावांत त्यांची कत्तल झाली आणि त्या मुलाला संत ठरवून हे चॅपल उभं राहिलं. हे माहीत असल्यावर मला तिथे फोटो काढावासा वाटला नाही.

किल्ले दोनच बघा. ब्राउबाखचा मार्क्सबुर्ग, कारण इथल्या डोंगरी किल्ल्यांपैकी तो एकटाच कधी उद्ध्वस्त झाला नाही, आत गाइडबरोबरच सोडतात. आणि सांक्ट गोआरच्या वरचा राइनफेल्स, १२४५ मध्ये जकात वसूल करायला बांधायला घेतलेला, १६९२ ला फ्रेंचांच्या वेढ्यात टिकला पण १७९४ ला न लढताच त्यांच्या हातात गेला आणि मग त्यांनी सुरुंग लावून फोडला. आज उघडा आहे का ते आधी बघून घ्या. काउबसमोर नदीच्या मधोमध बेटावर फाल्झग्राफेनश्टाइन हा छोटा किल्ला आहे, तोही जकातीसाठीच, तो काठावरून बघितला तरी चालेल.

बोट हवीच असेल तर सांक्ट गोआर ते बाखराख एवढीच घ्या, तीही प्रवाहाच्या उलट. काठावर उभं राहून मालवाहू बोटी बघितल्या की फरक कळतो, खाली जाणारी सुळकन निघून जाते आणि वर येणारी इंजिन धडधडत जागच्या जागी असल्यासारखी वाटते, म्हणजे तुम्हालाही बघायला वेळ मिळतो. लोरेलायचा खडक याच टप्प्यात येतो. खालून बघून बरेच जण एवढंच का म्हणतात, पण वर चढून बघा, नदी तिथे किती अरुंद होऊन वळते ते दिसतं आणि जुने नावाडी या वळणाला का घाबरायचे ते लगेच समजतं. हिवाळ्यात या बोटी बहुतेक बंदच असतात, तेव्हा एप्रिल ते ऑक्टोबर बघा.

आणि हो, मालगाड्या रात्रभर धावतात, दरी अरुंद असल्यामुळे आवाज घुमतो. मला पहिल्या रात्री नदीकडची खोली मिळाली होती, व्ह्यू अप्रतिम पण डोळ्याला डोळा लागला नाही, दुसऱ्या दिवशी बदलून घेतली. बुक करतानाच मागच्या, द्राक्षमळ्यांकडच्या बाजूची खोली मागा.